अनंताच्या फुलांचं पांघरूण

आकाइतीनं तिकिटाला जीभ लावली, ते पाकिटावर अंगठ्यानं घट्ट दाबलं आणि म्हणाली, "म्हाताऱ्या तेपाएरूआईनं काल पांघरुणांची पेटी उघडायला लावली म्हणे. मातीत जाताना अंगावर काय घ्यायचं ते ठरवतेय. सगळ्यात वर तेरेआपीचं ठेवलंय. अनंताच्या फुलांचं." मी टपालाच्या खिडकीमागे उभी होते. हातात तारखेचा शिक्का होता, तो खाली येतच होता आणि मला थांबवता आला नाही. अर्धा तिकिटावर पडला, अर्धा माझ्या डाव्या तर्जनीवर. "अगं, बोट ऑकलंडला पाठवतेस की काय?" आकाइती म्हणाली. तिच्यामागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे हसले. मीही हसले. मला हसता येतं. सहा दिवस खिडकीमागे आणि सातव्या दिवशी चर्चच्या गाण्यात वरच्या पट्टीत उभं राहून माझा चेहरा आता माझं ऐकतो.

पण ती तारीख दिवसभर बोटावर राहिली. साबणानं घासली तरी निळसर वर्तुळ उरलंच. दुपारी बंदराजवळच्या झाडाखाली डबा उघडला. नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू होतं, माझं आवडतं, आणि घास तोंडातल्या तोंडात फिरत राहिला. अवारुआ हे आमच्या बेटावरचं शहर. एक लांब रस्ता, त्यावर स्कूटरी, कोंबड्या आणि बातम्या, आणि बातम्या सगळ्यांत वेगवान. एव्हाना बँकेतल्या पोरीला माहीत असणार, मासळी विकणाऱ्या बाईला माहीत असणार, की तेपाएरूआईच्या अंगावर तेरेआपीचं पांघरूण जाणार. तेरेआपीचं. त्या पांघरुणात तेरेआपीचा एक टाका नाही. गर्द हिरव्या कापडावर पांढरी फुलं, मधोमध मोठं झुंबर आणि चारी कोपऱ्यांना झुकलेल्या फांद्या, अठ्ठेचाळीस फुलं, प्रत्येकाच्या सात पाकळ्या. त्या पाकळ्यांची कडा सुईच्या टोकानं आत दुमडून मी तुरपाई केली, दीड वर्षं, कामावरून आल्यावर रोज. माझ्या मधल्या बोटाला अंगुस्तानाचा वळ पडलाय तो त्या दीड वर्षाचा. पण तिवाएवाए, म्हणजे असं फुलापानांचं पांघरूण, ज्या हातानं कातरलं त्याच्या नावानं ओळखलं जातं. हा काही कोणी काढलेला हुकूम नाही. माझी आजीही तसंच बोलायची, मीही तसंच बोलत आले. दुसऱ्याच्या घरी लग्नात भिंतीवर टांगलेलं एखादं सुंदर पांघरूण पाहिलं की मीच विचारते, कोणी कातरलंय? कोणी शिवलंय हे मी आयुष्यात एकदाही विचारलेलं नाही.

तेरेआपी माझी नणंद. मी लग्न करून तिच्या घरात येण्याच्या आधीपासून आम्ही दोघी तेपाएरूआईच्या चटईवर पांघरुणं शिकायला बसायचो, तिला सगळ्या आईच म्हणायच्या. अकरा वर्षांच्या होतो. तेपाएरूआई कापडाला आठ घड्या घालायची, त्रिकोण करायची, आणि म्हणायची, "पोरींनो, नीट बघा. हे मधलं टोक. सगळं झाड इथून उगवतं. हे सुटलं की सगळं सुटलं." आणि कात्री तेरेआपीच्या हातात द्यायची. माझ्या हातात सुई. असं का, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण अकराव्या वर्षी मला वाटलं होतं की सुईच जास्त मानाची, ती चमकते. तेरेआपी आजही कापडावर आखत नाही. आमच्या शिवणमंडळाच्या सगळ्या बायका गोल बसलेल्या, प्रार्थना झालेली, आणि ही घडी मांडीवर घेऊन थोडा वेळ नुसती बसते, जणू कापडाला वास येतोय. मग कात्री चालते. कच्च, कच्च, एका दमात, फांदी, पान, कळी, आणि खाली हिरवे-पांढरे कपटे पडत राहतात. घडी उघडली की बायकांच्या तोंडून एकच आवाज निघतो, भरतीचं पाणी वाळूवर पसरताना येतो तसा. मग ती माझ्याकडे बघून डोळे मिचकावते. "मी पंधरा मिनिटं काम करते आणि दीड वर्ष आराम. आमच्या कोइनाचं नेमकं उलटं." सगळ्या हसतात. तिचं हसणं मोकळं असतं, त्यात खोच नसते. हेच मला सहन होत नाही. खोच असती तर मी तीच धरून बसले असते.

ताइना गेला तेव्हाही असंच झालं. ताइना माझा नवरा, तिचा भाऊ. सहा वर्षं झाली. माझ्या दारापुढे त्याची कबर आहे, पांढरी सिमेंटची, वर पत्र्याचं छप्पर, आणि त्या छपराच्या सावलीत बसून मी शिवते, कारण तिथे वारा येतो आणि बोलायला माणूस असतं. त्याला गुंडाळलं ते लाल जास्वंदीच्या पांघरुणात. ते मी आमच्या पलंगासाठी शिवलं होतं, लग्नाच्या विसाव्या वर्षी. कातरलेलं तिनं. पाळकांनी गाऊन गाऊन जे प्रवचन केलं त्यात एक ओळ होती की बहिणीच्या हातची फुलं भावाला शेवटपर्यंत सोबत करतील. किती गोड गायले ते. मी पाळकांच्या आवाजाची आयुष्यभराची भक्त. लहानपणी आई मला झोपवायला अंगाई म्हणायची नाही, रविवारची प्रवचनं म्हणायची. देव शब्दांत असतो की सुरांत, असं मला कोणी विचारलं तर मी सुरांत म्हणेन आणि मग माफी मागेन. त्या दिवशीही माझे डोळे त्या सुरानं भरले आणि त्याच क्षणी पोटात काहीतरी गार सरपटत गेलं. बहिणीच्या हातची. इतकी वर्षं त्याच्या शेजारी मी झोपले, त्याच्या अंगावरच्या प्रत्येक पाकळीला मी हात लावलेला. ती फुलं आत गेली, वर माती पडली, आणि मी तेरेआपीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. ती माझ्यापेक्षा जास्त रडत होती. मला तिचं रडणंही जास्त वाटलं.

अनंताची फुलं मी शिवत होते तेव्हा ऑकलंडहून एक बाई आली होती, गळ्यात कॅमेरा. मंडळाच्या खोलीत अर्धवट शिवलेलं पांघरूण दोघींनी दोन टोकांना धरलं होतं. बाईनं डोळा कॅमेऱ्याला लावला, मग काढला आणि माझ्याकडे बघून अगदी अदबीनं म्हणाली, "तुम्ही जरा बाजूला होता का? फक्त कलाकार हवी." तेरेआपी लगेच म्हणाली, "छे छे, हिला घ्या, शिवतेय ती." पण मी बाजूला झालेच होते. माझी जागा आकाइतीनं घेतली, तिनं कापडाचं टोक धरलं, बोटांच्या चार टोकांइतकीच ती फोटोत आली. त्या दुपारी घरी येऊन मी ताइनाच्या छपराखाली बसले आणि चौथ्या फुलाची सगळ्यात खालची पाकळी शिवायला घेतली. वरून ती पाकळी बाकीच्यांसारखीच दिसते. पण मागून मी तिला काय केलं ते मलाच माहीत. लांब-लांब टाके घातले, आडवेतिडवे. दोरा तुटला तिथे गाठ मारली आणि तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. शिवत नव्हते, बोचकारत होते. मागची बाजू कोण बघतं? पलंगावर घातलं तर गादीकडे, भिंतीवर टांगलं तर भिंतीकडे. दुसऱ्या दिवशी उसवून टाकीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुढची पाकळी घेतली, नीट, एकसारखी, तांदळाच्या कणीएवढे टाके. ती बोचकारलेली तशीच राहिली. वर्षानुवर्षं प्रार्थनेला गुडघे टेकले की ती पाकळी मला गुडघ्याखाली गाठीसारखी टोचायची.

आणि मग मी स्वतः कातरायला बसले. कोणाला न सांगता. आकाइतीला नाही, मुलीला नाही. दोन वर्षांपूर्वी, एका शनिवारी, दार लावून. माझ्या दारातल्या नीरफणसाची पानं मला रोज दिसतात. मोठी, बोटं पसरलेल्या पंज्यासारखी, पावसानंतर त्यांच्यावरून पाणी पाचही बोटांनी ओघळतं. ती माझी होती, तेरेआपीनं ती कधी कातरली नव्हती. तिला फुलं आवडतात. मी तेपाएरूआईच्या पेटीसाठी पांघरूण करणार होते, पूर्ण माझं, कात्रीपासून गाठीपर्यंत, आणि तिला म्हणणार होते, आई, निवड. आठ घड्या घातल्या. त्रिकोण झाला. कान दाराकडे होते, कात्री माझी स्वयंपाकघरातली, मासळीचे पर कापायची, धुऊन घेतलेली. देठापासून सुरुवात केली आणि वरपर्यंत गेले. एकदाही अडखळले नाही. मला वाटलं, हे इतकं सोपं होतं? एवढ्यासाठी मी चाळीस वर्षं बाजूला उभी राहिले? मग घडी उघडली आणि कापड उघडलं नाही, पडलं. चार वेगवेगळे तुकडे चटईवर पडले. मी मधलं टोक समजून मोकळं टोक धरलं होतं. अकरा वर्षांच्या पोरीची चूक. झाड मधून उगवायचं ते मी चार कोपऱ्यांतून उगवून ठेवलं होतं. मी किती वेळ बसले होते कोण जाणे. बाहेर कोंबडी ओरडत होती, खडकाच्या कड्यावर लाट फुटत होती, आणि मला पहिलं काय सुचलं असेल तर हे, की तेरेआपीनं हे बघता कामा नये.

मी ते चार तुकडे फिरवले, देठ मधोमध आणले, एकमेकांना भिडवले आणि जोडले. असे टाके घातले की माझे मलाच सापडेनात. कातरणं जमलं नाही ते सुईनं झाकलं. पिवळ्या कापडावर गर्द हिरवी पानं, बघणाऱ्याला वाटावं एकाच घडीतून उमललीत. वर्ष गेलं, वर आणखी एक गेलं, आणि ते पांघरूण घडी करून माझ्या पलंगाखाली पडून होतं. त्या मंगळवारी बोटावर तारीख उमटली नसती तर तिथेच राहिलं असतं.

रविवारी संध्याकाळी चर्चच्या सभागृहात गाण्यांची बैठक होती. पाळक एक सवाल गाऊन टाकतात आणि एकेका वाडीच्या बायका-पुरुषांनी उठून गाऊनच त्याचं उत्तर द्यायचं, मग चहा, डोनट, मग पुन्हा सवाल. मला स्वर्ग असाच वाटतो. त्या दिवशी पाळकांनी गायलं, की जे बी मातीत गेलं त्याची शोभा कोणी पाहिली? पुरुष खालच्या आवाजात हुंकार देत होते, छातीतून, नगाऱ्यासारखा, आणि त्यावर बायकांचा आवाज चढत होता. आमच्या वाडीची पाळी आली तेव्हा उत्तर तेरेआपीनं सुरू केलं. तिचा आवाज काही माझ्याइतका वर जात नाही. ती गायली, ज्यानं पेरलं त्यानं पाहिली. साधं उत्तर. सगळ्यांनी ते उचलून धरलं, छप्पर हललं, मीही उचलून धरलं, माझा आवाज तिच्या आवाजावर जाऊन बसला आणि तिथून मी खाली तिच्या पांढऱ्या हॅटकडे, हॅटवरच्या ताज्या फुलांकडे बघत होते. देवाच्या नावानं तोंड उघडं होतं आणि मनात चाललं होतं, पेरणारी तू, मग मी कोण? मी गाणं थांबवलं नाही. सूर सुटला नाही. तेव्हाच ठरवलं, उद्या जायचं.

सोमवारी खिडकी बंद केल्यावर स्कूटरच्या पुढच्या टोपलीत पांघरूण ठेवलं आणि तेपाएरूआईकडे गेले. तेरेआपी तिथेच होती, ती रोज असते. म्हातारीला न्हाऊ घालून केस विंचरत होती. तेपाएरूआईचे दोन्ही डोळे मोतीबिंदूनं गेलेत, चौऱ्याऐंशी वर्षांची, पलंगात एखाद्या पोरीएवढी दिसते, पण आवाज तसाच. "कोण गं? स्कूटरचा आवाज म्हणतोय टपालवाली."

"मीच, आई."

"पत्र आणलंस की तक्रार?"

"पांघरूण आणलंय."

तेरेआपीच्या हातातला कंगवा थांबला. "कोणाचं पांघरूण?" ती म्हणाली. मी म्हणाले, "माझं." आणि ते शब्द म्हणताना तोंडाला इतकं अनोळखी वाटलं की मी पुन्हा म्हणाले, "माझं. कातरलंयही मीच." तेरेआपीनं ते उलगडलं, खिडकीच्या उजेडाला धरलं. "अगं बाई," ती म्हणाली, "कोइना, चोरटे! किती सुंदर आहे हे! आई, नीरफणसाची पानं आहेत, अगदी हिच्या दारातली. मला का नाही सांगितलंस गं?" मी तिच्या चेहऱ्यावर शोधत होते. कुठेतरी एक रेघ, एक सुरकुती, माझ्या पोटात सरपटतं त्याचा एखादा भाऊबंद. काही नव्हतं. निव्वळ आनंद होता, आणि मला तिचा राग आला.

"दोन्ही इकडे टाका," तेपाएरूआई म्हणाली. "डोळे नाहीत म्हणून काय झालं, बोटं अजून पगारी आहेत." आधी अनंताचं घेतलं. तिची बोटं फुलांवरून चालली, मग तिनं कापड उलटं केलं आणि मागून चालू लागली. मला वाटलं नव्हतं ती उलटं करेल. पहिलं फूल, दुसरं, तिसरं. चौथ्यावर ती थांबली. खालच्या पाकळीवर अंगठा एकदा फिरला, पुन्हा फिरला, गाठीवर टेकला. माझ्या कानात लाटांचा आवाज मोठा झाला. तिनं कापड सरळ केलं, बाजूला ठेवलं आणि माझं ओढून घेतलं. पानं चाचपली, मधोमध आली, आणि तिथे ज्या जोडावर मी सात दिवस घालवले होते तिथे तिचं बोट सरळ जाऊन उभं राहिलं, अंधारात घरच्या माणसाला कडी सापडावी तसं. ती हसायला लागली. आवाज न करता, पोट हलवत.

"मोकळं टोक धरलंस ना, पोरी?"

तेरेआपी वाकून बघू लागली. मी म्हणाले, "हो."

"चार तुकडे पडले?"

"चार."

"मीही धरलं होतं. माझ्या आजीनं ते चारही माझ्या डोक्यात हाणले आणि म्हणाली, आता टोप्या शिव." मग ती खोकली, तेरेआपीनं पाणी पाजलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "अनंताचं जाईल माझ्याबरोबर. ठरलंय. हे पानांचं आत्ता घाला माझ्या अंगावर. ऑगस्ट आहे, हिवाळ्याची थंडी हाडात शिरते." आणि लगेच, "कोइना, मागे जाऊन जरा नारळ खवतेस? तेरेआपीशी बोलायचंय."

मी मागे गेले. खवणीवर बसले आणि नारळ खवू लागले, आणि खिडकीतून कुजबुज ऐकू येत होती, शब्द नाहीत, नुसता म्हातारीचा कोरडा आवाज आणि मधे तेरेआपीचं "हो आई", "हो आई". मग दोघी हसल्या. पाकळीबद्दल सांगत असणार. जोडाबद्दल हसत असणार. आत माझं पांघरूण त्या म्हातारीच्या गुडघ्यांवर, तिला ऊब देत होतं, हे मला त्या वेळी दिसलं नाही. एवढंच दिसलं की नाकारलं. अजून ती जिवंत आहे आणि मी तिच्या कबरीतल्या जागेसाठी भांडतेय, आणि ती जागा तेरेआपीला मिळालीय. वाटी भरून गेली तरी मी खवत होते. करवंटीचं काळं त्यात पडायला लागलं तेव्हा हात थांबला.

तीन आठवडे तेपाएरूआई नीरफणसाच्या पानांखाली झोपली. तेरेआपी सांगायची, "ते काढू देत नाही गं. धुवायलासुद्धा." मी म्हणायचे, "असं का." मग एका गुरुवारी सकाळी चर्चची घंटा झाली आणि रेडिओवर तिचं नाव आलं. घराच्या ओटीवर, चटयांच्या थरावर तिला ठेवलं होतं, चारी भिंतींना मंडळाची पांघरुणं टांगलेली, जास्वंदी, ऑर्किड, अननस, सगळी आयुष्यभराची. वाडीच्या वाडी आली होती, बायका डोक्यावर ताज्या फुलांचे मुकुट घालून बसलेल्या, पुरुष दाराबाहेर खालच्या सुरात हुंकारत होते. मी नेहमीसारखी सुईदोरा घेऊन आले होते, कारण कडा शिवायचं काम माझं असतं. तेरेआपीनं अनंताचं पांघरूण आणलं. मी माझं तोंड तयार केलं. आता ते पसरलं जाईल, अठ्ठेचाळीस फुलं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उमलतील, बायकांच्या तोंडून तो आवाज निघेल आणि कोणीतरी म्हणेल, तेरेआपीचा हात.

तेरेआपीनं पांघरूण म्हातारीवर उलटं पसरलं. फुलं खाली, तिच्या अंगाकडे. "अगं, उलटं झालं," आकाइती कुजबुजली. तेरेआपी मान वर न करता, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आईनं सांगून ठेवलंय. फुलं आत, माझ्याकडे. पाठ बाहेर, लोकांकडे. म्हणाली, फुलं मी बघीन, तुम्ही शिवण बघा." आम्ही चौघींनी म्हातारीला उचललं, कापडाच्या कडा तिच्या खालून घेऊन कुशीला आणल्या, आणि वर राहिली ती मागची बाजू. गर्द हिरव्यावर पांढऱ्या टाक्यांची रेघ. प्रत्येक पाकळी, प्रत्येक पान, प्रत्येक देठ, नुसत्या ठिपक्यांनी काढलेला, बारीक, एकसारखा, दीड वर्षाच्या संध्याकाळींतून. कात्रीचं काहीही त्यात नव्हतं. मी ते असं कधी पाहिलं नव्हतं. ओटीवर तो आवाज झाला, वाळूवर पाणी पसरल्यासारखा, आणि मला कळायला वेळ लागला की तो माझ्यासाठी होता. मासळीवाली म्हातारी पुढे सरकली, नाक कापडाला टेकेपर्यंत वाकली. "कोणी शिवलंय हे?" तेरेआपी माझं पूर्ण नाव घेऊन म्हणाली, "उपोकोइनानं. सगळं. एक टाकाही माझा नाही."

आणि त्याच वेळी मला ती पाकळी दिसली. चौथं फूल म्हातारीच्या छातीच्या डाव्या बाजूला आलं होतं, सगळ्यांच्या समोर, दिव्याखाली. त्या नेटक्या ठिपक्यांमध्ये ते बोचकारणं, ते आडवे टाके, गाठीवर गाठ, एखाद्या स्वच्छ गालावर नखं ओढावीत तसं. मला चाळीस वर्षं हवं होतं ते एका क्षणात मिळालं होतं आणि त्याच क्षणात माझं पोट सगळ्या वाडीपुढे उलटं करून ठेवलं होतं. मासळीवालीचं नाक डावीकडे सरकत होतं. मी हात पुढे केला, पण हातात सुई होती आणि बोटं ऐकेनात. तर तेरेआपीनं डोक्यावरचा फुलांचा मुकुट काढला, ताज्या अनंताचा, आणि खाली वाकून त्या पाकळीवर ठेवला. इंचाची चूक नाही. एकही गाठ बाहेर राहिली नाही. बाकीच्या बायकांना वाटलं निरोप घेतेय, आणि त्याही आपापले मुकुट काढू लागल्या.

मी कडा शिवायला बसले. ती माझ्यासमोर बसून कापडाची दोन टोकं जुळवून धरत होती. बाहेर पाळकांनी सूर लावला होता, तोच, मातीत गेलेल्या बियाचा. मी ऐकत होते, मला प्रत्येक ओळ येत होती, आणि मी न गाता सुईत दोरा ओवत होते. "तुला काय सांगितलं होतं तिनं?" मी खालच्या आवाजात विचारलं. "त्या दिवशी. मी नारळ खवत होते तेव्हा."

"हेच. पाठ बाहेर ठेव म्हणून. आणि छातीवर डाव्या बाजूच्या फुलाच्या खालच्या पाकळीवर तुझा मुकुट ठेव, सगळ्यांच्या आधी."

"का ते सांगितलं?"

"नाही."

"मग तू विचारलं नाहीस?"

"नाही गं," तेरेआपी म्हणाली, आणि पुढचं टोक जुळवून माझ्याकडे दिलं. "तिला ठेवायचं होतं, मी ठेवलं."

तिचे डोळे रडून सुजले होते आणि केसांना मुकुटाचा दाब पडलेला होता, तिथली एक बट उभी राहिली होती. ज्या जागी तो मुकुट होता तिथे तिची नजर एकदाही गेली नाही. उचलून बघितलं असतं तरी कोणी अडवणार नव्हतं. मी तिच्या जागी असते तर विचारलं असतं. दहादा विचारलं असतं, आणि उत्तर मिळालं नसतं तर रात्र होण्याआधी मुकुट उचलून पाहिला असता. हे मला इतकं स्पष्ट माहीत होतं, सुईच्या टोकाइतकं, आणि मी टाका घातला, तांदळाच्या कणीएवढा, आणि त्याच्या शेजारी दुसरा. माझ्या पोटातलं ते गार पुन्हा हललं. कात्रीचं नव्हतं ते आता, नावाचंही नव्हतं. हे असं न विचारता ठेवणं, जे तिला न आखता जमत होतं, त्याचं होतं. देवा, मी म्हणाले, आणि दोरा ओढला.